मोटर नव्हे, आधी रबर पाहा

संपादक महोदय,


‘जुन्या गाडीची विजेवरची काच अडली की थेट मोटर बदला, आखाती उन्हात दुरुस्ती टिकत नाही’ हे गेल्या अंकातील मत चुकीचे आहे आणि वाचकांच्या खिशाला चाट लावणारे आहे.

एक, ऊन मोटरीआधी रबराला खाते. काच ज्या रबरी खाचेत सरकते ती कडक होते, तिच्यात वाळूची धूळ बसते, यंत्रणेतले ग्रीस सुकते. मोटरीवर ताण येतो आणि ती तापते. खाच साफ न करता बसवलेली नवी मोटरही तशीच जळेल.

दोन, तपासणी सोपी आहे. माझ्या १९८६ च्या मर्सिडीजची काच अर्ध्यावर थांबे. शारजाच्या औद्योगिक भागातील मेकॅनिकने दाराचे पॅनेल उघडून मोटरला थेट १२ व्होल्ट दिले. ती झपाट्याने फिरली. दोष स्विचमधल्या काळवंडलेल्या पत्र्यांत होता. त्या घासल्या, खाच पुसून सिलिकॉन फवारले. त्यानंतर दोन उन्हाळे गेले, काच अडलेली नाही.

तीन, ‘सुटे भाग मिळत नाहीत’ हेही खरे नाही. डब्ल्यू १२६ मालिकेची ही गाडी १९७९ ते १९९१ बनत होती. शारजाच्या जुन्या भागांच्या बाजारात शोधणाऱ्याला स्विच, मोटर दोन्ही मिळतात.

मोटर खरोखर जळली असेल तर बदलावी, एवढेच मान्य. पण आधी फ्यूज, स्विच, बिजागरीजवळची वायर आणि रबर तपासा; मोटर सर्वांत शेवटी.

आपला,
एक वर्गणीदार, शारजा