अंबत्तूरच्या गच्चीवरील वाळवंट

‘निवडुंगाला काही लागत नाही’ हे वाक्य रोपवाटिकेत जितक्या सहजतेने उच्चारले जाते, तितक्याच सहजतेने ते स्वीकारलेही जाते. बँकेतील नोकरी, ठरावीक वर्षांनी होणारी बदली आणि सदनिकेची दोन हातांची गॅलरी, अशा जीवनक्रमात फारशी विचारपूस न मागणारे झाड कोणाला नको असेल? मात्र हे वाक्य अर्धसत्य आहे. पुण्या-सोलापुराकडून चेन्नईच्या अंबत्तूरसारख्या उपनगरात बिऱ्हाड हलविणाऱ्यांच्या कुंड्यांना त्याची किंमत मोजावी लागते.

औद्योगिक वसाहतीमुळे नावारूपास आलेल्या अंबत्तूरचा उन्हाळा चाळीस अंशांना स्पर्श करतो. वाळवंटी झाडाला याहून सोयीचे स्थान कोणते, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वाळवंट म्हणजे केवळ ऊन नव्हे; कोरडी, गार रात्र हाही त्याचा अर्धा भाग आहे. निवडुंगाच्या खोडावरील सूक्ष्म रंध्रे दिवसा मिटलेली असतात. ती रात्री उघडतात आणि तेव्हाच झाड हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन साठविते. चेन्नईची रात्र उबदार आणि समुद्राच्या बाष्पाने जड असते. तेथे या झाडास दुपारच्या उन्हापेक्षा रात्रीचा दमटपणा अधिक जाचतो.

त्याहून मोठा घोटाळा होतो तो दिनदर्शिकेचा. महाराष्ट्रात दसरा उलटला की आभाळ निवळते आणि आडोशाला ठेवलेल्या कुंड्या उघड्यावर येतात. चेन्नईत नेमका त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस सुरू होतो. तेथील वार्षिक सुमारे १४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून अधिक ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. डिसेंबर २०१५ची अतिवृष्टी हा टोकाचा प्रसंग झाला. पण साध्या वर्षीही सतत ओल्या राहिलेल्या मातीत मुळे कुजण्यास फार दिवस लागत नाहीत. वरून हिरवेगार दिसणारे झाड बुडाशी मऊ पडते, तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. म्हणून अंबत्तूरमध्ये निवडुंगाची खरी निगा म्हणजे दिवाळीपूर्वी त्याला छपराखाली, पण उजेडात आणि वाऱ्यावर नेणे.

बाकीचे सोपे आहे. मातीची भोकाची कुंडी, भरड नदीची वाळू, विटांचे बारीक तुकडे आणि थोडे पानखत एवढे पुरे. समुद्रकाठची खारी वाळू वापरू नये. कूपनलिकेच्या जड पाण्याने मातीवर क्षारांचा पांढरा थर साचतो. तमिळनाडूत २००३ साली पावसाच्या पाण्याची साठवण वा पुनर्भरण इमारतींना सक्तीचे झाले. त्यातील एखादी बादली बाजूला काढली, तरी चार-दोन कुंड्यांना ती पुष्कळ दिवस पुरते.

‘काही लागत नाही’ हा लौकिक मुळात फड्या निवडुंगाचा असावा. अठराव्या शतकाच्या अखेरीस डॉ. जेम्स अँडरसन यांनी मद्रासच्या सैदापेट येथे किरमिजी रंग देणारे कीटक पोसण्यासाठी निवडुंगाची बाग लावली होती. पुढे दक्षिणेत फड्या निवडुंग इतका माजला, की तो आवरण्यासाठी १९२६ साली त्याच जातकुळीचा कीटक श्रीलंकेतून आणावा लागला! कुंपणावरच्या या दांडग्या पाहुण्याचे गुण गोल, सोनेरी काट्यांच्या निवडुंगाला चिकटविणे अन्यायाचे आहे. इंग्रजीत ‘सासूची गादी’ असे खट्याळ नाव मिळालेला हा निवडुंग मूळचा मेक्सिकोचा. तेथे धरणाच्या पाण्याखाली गेलेली भूमी आणि चोरटी खणणी यांमुळे तो रानात दुर्मीळ झाला आहे. रोपवाटिकांत बियांपासून वाढविल्यामुळे तो स्वस्तात मिळतो, हे खरे. पण फुटबॉलएवढा होण्यास त्याला दशकभर लागते. एका पावसाळ्यात तो कुजवून पुढच्या रविवारी दुसरा आणणे, याला छंद म्हणवत नाही. ज्यांना कुंड्या आत-बाहेर करणे जमणार नाही, त्यांनी दक्षिणेत रानोमाळ उगवणारी चौकोनी खोडाची ‘सदुरक्कळ्ळी’ लावावी. मात्र तिचा चीक डोळ्यांस घातक असतो, हे घरात लहान मुले असल्यास विसरू नये.

पोंगलच्या सुमारास पाऊस ओसरतो. तेव्हा कुंड्या एकदम भर उन्हात ठेवल्यास साल भाजून निघते. प्रथम आठ-दहा दिवस सकाळचे कोवळे ऊन द्यावे. पाणी मात्र, मातीत खुपसलेली काडी कोरडी बाहेर येईपर्यंत, देऊ नये.