टीएसएच आणि थायरॉइडबाहेरचे शरीर

छावणीतल्या छोट्या दवाखान्यापासून घाटी रुग्णालयाच्या ओपीडीपर्यंत टीएसएचच्या रिपोर्टवर आपण थायरॉक्सिनचा डोस ठरवतो. ग्रंथीपुरते ते योग्यच आहे. मात्र टीएसएचचा रिसेप्टर त्या ग्रंथीपुरता नाही. १९८९मध्ये त्याचे जनुक हाती आले आणि पुढे तो डोळ्यामागच्या फायब्रोब्लास्टवर, चरबीच्या पेशींत, हाडांतही आढळला.

ग्रेव्हजमध्ये डोळे बाहेर येतात ते यामुळेच. ग्रंथीला चेतवणारी प्रतिपिंडे फायब्रोब्लास्टवरच्या याच रिसेप्टरला चिकटतात, आयजीएफ-१ रिसेप्टरच्या साथीने पेशी चेततात, हायलुरोनन साठते, चरबी वाढते. २०२०मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टेप्रोटुमुमॅब हा आयजीएफ-१ रिसेप्टरच अडवते. डोळ्यांचा त्रास टी४ने नव्हे, प्रतिपिंडांनी होतो; म्हणूनच टी४ आटोक्यात आल्यावरही डोळे बिघडत राहू शकतात. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका जास्त, आणि रेडिओआयोडीननंतरही तो वाढतो.

हाडांचा प्रश्न अधिक वादाचा आहे. २००३मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सायनायमधील मोन झैदी यांच्या गटाने दाखवले, की रिसेप्टरच्या जनुकाची एकच प्रत असलेल्या उंदरांची थायरॉइड नीट चालते, तरी हाडांची झीज होते. म्हणजे टीएसएच स्वतःच ऑस्टिओक्लास्टला आवर घालतो. माणसात टी४ची वाढ आणि टीएसएचची घट बहुधा एकत्रच येतात, त्यामुळे झीज नेमकी कशाने झाली हे वेगळे काढणे अवघड जाते. माझ्या मते त्या वादाच्या निकालाची वाट पाहत बसण्याचे कारण नाही. टीएसएच दबलेला राहिला की हाड झिजते, एवढे आपल्या कामाला पुरेसे आहे.

परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये १९६३पासून रेडिओआयोडीनचे काम चालते. थायरॉइडच्या कर्करोगावर असे उपचार घेऊन मराठवाड्यात परतलेल्या रुग्णाची पुढची कित्येक वर्षे आपल्याच हाती असतात. त्याचा टीएसएच मुद्दाम दाबून ठेवलेला असतो. कर्करोग उलटण्याचा धोका कमी असेल, तर इतका दाब अजून हवा का, हे मूळ केंद्राला विचारलेच पाहिजे. साध्या हायपोथायरॉइडच्या रुग्णाचा टीएसएच केवळ जादा डोसमुळे दबला असेल, तर डोस कमी करायला कोणाला विचारण्याचीही गरज नाही.

तेव्हा पाळी गेलेल्या बाईचा टीएसएच दबलेला दिसला, की तिच्या चिठ्ठीवर डेक्सा लिहा, नाडीही तपासा. ग्रेव्हजच्या रुग्णाचे डोळे दर भेटीत उजेडात पाहा आणि विडी सोडायला स्पष्ट शब्दांत सांगा.