आर्थिक नाकेबंदीने सरकार झुकते काय?

दरवर्षी १७ सप्टेंबरला साऱ्या मराठवाड्यात, तसा आमच्या तीर्थपुरीतही, मुक्तिसंग्राम दिनाचा झेंडा चढतो. भाषणे होतात. निजाम, रझाकार, सरदार पटेल आणि पाच दिवसांची पोलीस कारवाई, एवढ्यावर बहुतेक भाषणे आटोपतात. फौज येण्याआधी कित्येक महिने हैदराबाद संस्थानाची आर्थिक कोंडी झाली होती, ही गोष्ट मात्र क्वचितच कोणी सांगतो. वस्तुतः आज विचार करण्यासारखी गोष्ट तीच आहे. इराण असो, उत्तर कोरिया असो की २०२२ नंतरचा रशिया, ज्या सरकारशी पटत नाही त्याच्यावर निर्बंध लादायचे आणि ते वाकेल म्हणून वाट बघायची, हा बड्या राष्ट्रांचा शिरस्ता झाला आहे. आमच्या चळवळीतही अधूनमधून कोणी ना कोणी विचारतोच, की बाहेरच्या देशांनी भारत सरकारचे नाक दाबले तर जातीय अत्याचार थांबतील काय?

नाकेबंदीची परीक्षाच घ्यायची तर हैदराबादइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही. संस्थानाला समुद्र नव्हता. चारी बाजूंनी भारताचा मुलूख, रेल्वेचा प्रत्येक डबा भारतातूनच यायचा. २९ नोव्हेंबर १९४७ ला ‘जैसे थे’ करार झाला आणि पुढच्या वर्षी माल अडू लागला. मीठ, औषधे, पेट्रोल यांची टंचाई झाली. दिल्लीने या प्रकाराला नाकेबंदी म्हणायचे टाळले, पण निजाम सरकारची ओरड तीच होती. मग निजाम झुकला काय? जगातल्या सर्वांत श्रीमंत माणसांत ज्याची गणना होत होती, ज्याने त्याच काळात पाकिस्तानला २० कोटी रुपयांचे कर्ज देऊ केले, त्याच्या ताटात मीठ कमी पडणार नव्हतेच. ते कमी पडणार होते महारवाड्यात आणि मांगवाड्यात, जिथे दोन दिवसांचे पीठही घरात साठवलेले नसते. उलट, कासीम रझवीला भाषणासाठी आयता मुद्दा मिळाला. बाहेरून कोंडी वाढली तसा आत रझाकारांचा धुडगूसही वाढत गेला.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. भारताने शस्त्रांचा पुरवठा रोखला होता, तो उपयोगी पडला. सिडनी कॉटन नावाचा वैमानिक कराचीहून विमानाने बंदुका आणत होता, पण विमानातून आणून आणून किती आणणार? १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा शिरल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती जाहीर केली. शस्त्रबंदीने राज्यकर्त्याचा हात दुबळा केला. मिठाच्या बंदीने फक्त गरिबाची आमटी अळणी केली. निर्बंधांवर बोलणारे विद्वान हा फरक का करीत नाहीत, हे आम्हाला समजत नाही.

परकीय दबावाचा प्रयोग निजामानेही करून पाहिला. ऑगस्टमध्ये त्याच्या सरकारने संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली. त्या शिष्टमंडळात श्यामसुंदर हे दलित पुढारीही होते. सुरक्षा परिषदेत हा विषय निघाला १६ सप्टेंबरला, पॅरिसला, तेव्हा इकडे फौज येऊन तीन दिवस झाले होते! बाबासाहेबांची भूमिका याच्या उलट होती. नोव्हेंबर १९४७ मध्येच त्यांनी पत्रक काढून संस्थानातल्या अस्पृश्यांना बजावले होते, की निजामाची बाजू घेऊ नका. आणि फौजेनंतर जे झाले तेही झाकून ठेवू नये. मराठवाड्यासह संस्थानात हजारो निरपराध मुसलमान मारले गेले. त्याची चौकशी करणाऱ्या पंडित सुंदरलाल समितीचा अहवाल २०१३ पर्यंत लोकांसमोर आला नव्हता.

गोव्यात हाच प्रयोग दुसऱ्यांदा झाला. १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, त्यानंतर भारताने सीमा आणि रेल्वे बंद केली. पण गोव्याला समुद्र होता. बटाटे हॉलंडहून आले, लोहखनिज जपानला गेले, खाणमालक गबर झाले. सालाझार हलला नाही. डिसेंबर १९६१ मध्ये तिथेही अखेर फौजच पाठवावी लागली.

मग दक्षिण आफ्रिकेत कसे जमले? तिथल्या बहिष्काराची मागणी लंडन-न्यूयॉर्कमध्ये जन्मली नव्हती. ती अल्बर्ट लुथुली आणि त्यांच्या संघटनेने केली होती, आम्हाला झळ बसली तरी चालेल असे सांगून केली होती. १९८५ मध्ये परदेशी बँकांनी कर्जाची मुदत वाढवून द्यायला नकार दिला, तेव्हा दुखले कोणाचे? गोऱ्या कारखानदाराचे आणि गोऱ्या मतदाराचे. ज्याच्या मतावर सरकार उभे होते त्याच्याच खिशाला चटका बसला. त्याच वेळी आतून कामगार संघटना आणि वस्त्यांमधल्या तरुणांनी कारभार अशक्य करून टाकला होता. इराकमध्ये नेमके उलटे झाले. १९९० पासून निर्बंध आले, माणसे रेशनवर जगू लागली आणि रेशन वाटणारा सद्दामच होता. ज्याच्या हातातून भाकरी येते त्याच्याविरुद्ध कोण उठणार? संयुक्त राष्ट्रांचे अधिकारी डेनिस हॅलिडे या निर्बंधांच्या निषेधार्थ १९९८ मध्ये राजीनामा देऊन मोकळे झाले. सद्दाम पाच वर्षे आणखी राहिला.

वाचकहो, आम्हाला यात नवल वाटत नाही. बहिष्कार म्हणजे काय, हे गावकुसाबाहेरच्या माणसाला कोणत्याही परराष्ट्र खात्यापेक्षा जास्त कळते. मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीने १९३० मध्येच लिहून ठेवले, की अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव बहिष्काराचे हत्यार उपसते. या समितीवर बाबासाहेब होते. गोलमेज परिषदेत त्यांनी ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बहिष्कारविरोधी कायद्याचा नमुना पुढे ठेवून बहिष्कार हा गुन्हा ठरवा अशी मागणी केली. ॲट्रॉसिटी कायद्यात सामाजिक व आर्थिक बहिष्कार स्पष्ट शब्दांत गुन्हा म्हणून यायला २०१५ ची दुरुस्ती उजाडावी लागली, आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली.

वकिली करताना आम्ही अशी प्रकरणे पाहिली आहेत. भीमजयंतीच्या मिरवणुकीवरून वाद होतो. दुसऱ्या दिवशी किराणा दुकानदार सुटे पैसे नाहीत म्हणतो, गिरणीवाला पट्टा तुटला म्हणतो, कापूस वेचायला कोणी बोलावत नाही. लेखी काहीच नसते. ठाण्यात गेले की ऐकावे लागते, ‘दुकानदाराने माल दिला नाही, यात गुन्हा कसला?’ अशा एका वस्तीने तीर्थपुरीच्या बाजारातून टेम्पोने पीठ-मीठ आणून दोन महिने काढले आणि मग वेचणीला मजूर मिळेनात म्हणून गावच नरमले. जवळच्या दुसऱ्या वस्तीत टेम्पोला पैसे नव्हते. त्या लोकांनी फिर्याद मागे घेतली. ज्याला दुसरा बाजार आहे तो टिकतो आणि ज्याला नाही तो वाकतो, मग तो निजाम असो, सालाझार असो की वस्तीतला शेतमजूर.

म्हणूनच भारतावर आर्थिक निर्बंध लादा अशी मागणी आमच्या लोकांनी कदापि करू नये. त्याची पहिली झळ ऊसतोड कामगाराला लागेल, मंत्र्याला नाही. पोखरणच्या स्फोटानंतर १९९८ मध्ये अमेरिकेने निर्बंध लावले. सरकारने धोरण बदलले नाही, तीन वर्षांत अमेरिकेनेच ते उठवले.

परंतु जगापुढे साक्ष देणे ही वेगळी बाब आहे, आणि तिला देशाची बदनामी म्हणणाऱ्यांना आम्ही इतिहास वाचायला सांगू. दक्षिण आफ्रिकेतील वर्णभेदाची तक्रार १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत नेणारा देश भारतच होता. त्याच वर्षी बाबासाहेबांनी डू बॉइस यांना पत्र लिहून अमेरिकी कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या निवेदनाच्या प्रती मागवल्या होत्या. अस्पृश्यांच्या स्थितीवर स्वतःचा अहवालही त्यांनी तयार केला, आणि तो दिला नाही. १९५१ च्या राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी कारण सांगितले आहे: घटना समितीला आणि पुढे येणाऱ्या संसदेला आधी संधी द्यावी, असे त्यांना वाटले होते. ती संधी देऊन आता सात दशके उलटली. २००१ मध्ये डर्बनला आमचे कार्यकर्ते गेले तेव्हा भारत सरकारने जात म्हणजे वंश नव्हे असे सांगून दार लावले. तरीही पुढच्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने जन्माधारित भेदभावात जात मोजली. २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीभेदाला कायद्याने बंदी केली.

मात्र साक्षीला पुरावा लागतो, आणि तो जिनिव्हात तयार होत नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्हा दक्षता समितीने तीन महिन्यांतून निदान एकदा बसायचे आहे. गेल्या पाच वर्षांत जालना जिल्ह्याची समिती किती वेळा बसली, बहिष्काराची किती प्रकरणे तिच्यापुढे आली आणि कार्यवृत्तात काय लिहिले, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते. अर्जाला दहा रुपयांचे तिकीट लागते, आणि दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाही.