लष्करी चाके, नागरी रस्ते

दुसरे महायुद्ध संपले आणि लष्कराच्या डिस्पोजल मालाने जुना बाजार भरला. त्यातील जीपचे सोळा इंची चाक तेव्हापासून हौशी मंडळींच्या मनात घर करून आहे. विरारच्या पूर्वेस, वज्रेश्वरीच्या बाजूच्या पाड्यांवर ज्याने पावसाळी चिखल तुडविला आहे, त्याला खोल खाचांच्या टायरचे मोल सांगावयास नको. जुन्याचा असा उपयोग करून घेण्याच्या वृत्तीस नावे ठेवण्याचे कारण नाही.

परंतु चिखलात तारणारा हा टायर ओल्या डांबरावर दगा देऊ शकतो. चाक मूळ मापापेक्षा मोठे झाले की वेगमापक खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवितो आणि ब्रेकवरील ताण वाढतो. युद्धकालीन जीपची रिम बोल्टांनी जोडलेल्या दोन भागांची असे. हवा पूर्ण न सोडता ते बोल्ट सैल करणे म्हणजे जिवाशी खेळ. गोदामात वर्षानुवर्षे पडलेले रबर तडकते, नक्षी मात्र नवीच दिसते.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलास मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावले. तथापि नुसत्या मनाईने काम चोरून होते, थांबत नाही. म्हणून कोणत्या वाहनास कोणते माप चालेल, हे वसईच्या परिवहन कार्यालयाने सोप्या मराठीत फलकावर लावावे. विक्रेत्याने टायरवरील निर्मितीचे वर्ष ग्राहकास दाखवावे. काटकसर हा सद्गुण खरा. पण तिची किंमत रस्त्यावरील पादचाऱ्याने का मोजावी?