हाक आणि पत



गेल्या चातुर्मासातली गोष्ट. नाशिकच्या गंगापूर रोड परिसरात राहणाऱ्या, कापडाच्या व्यापारातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात शेरू नावाचा दोन वर्षांचा कुत्रा आहे. आषाढाच्या अखेरीस एका सायंकाळी पाहुण्यांच्या मोटारीसाठी फाटक उघडले आणि शेरू बाहेर निसटला. नातू ‘शेरू, कम!’ म्हणून ओरडला. शेठजींनी ‘इकडे ये!’ असा दरडावून आवाज दिला. सूनबाई साखळी घेऊन मागे धावल्या. शेरूने एकदा वळून पाहिले. साखळी दिसताच त्याने पाठ फिरवली आणि तो भर रहदारीत शिरला. दुचाकीची धडक बसून त्याचा मागचा पाय मोडला. प्राण वाचले, एवढेच समाधान.

दुसऱ्या दिवशी आम्ही भेटायला गेलो. शेठजी खिन्न होते. म्हणाले, “काय कमी केले आम्ही याला? वेळच्या वेळी खाणे, निजायला गादी, आजारपणात डॉक्टर. तरीही हाकेला आला नाही.” त्यांचे दुःख खरे होते आणि प्रश्नही खरा होता. उत्तर मात्र घरातील वडीलधाऱ्या बांनी दिले. त्या म्हणाल्या, “अरे, तुम्ही सगळे त्याला बोलावता तरी कधी? आंघोळ घालायची असते तेव्हा, बांधायचे असते तेव्हा, नाहीतर रागवायचे असते तेव्हा. मग त्याने यावे तरी कशासाठी?”

या महिन्याचा लेख म्हणजे बांच्या त्या बोलण्याचाच विस्तार आहे.

व्यापारी घरांना ही गोष्ट हुंडीच्या दाखल्याने चटकन उमजेल. हुंडीचा कागद स्वतः कवडीमोलाचा. त्याचे मोल लिहिणाऱ्याच्या पतीत असते. हाक ही आपण कुत्र्याच्या हाती दिलेली हुंडीच होय. तो धावत आपल्याजवळ येतो तेव्हा ती हुंडी तो आपल्या पेढीवर दाखवीत असतो. आपण ती सकारली, म्हणजे त्याला काही आवडते मिळाले, तर आपली पत वाढते. आल्यावर कान पिळला, साखळी अडकवली किंवा नुसते दुर्लक्ष केले, तर हुंडी नाकारली गेली. दोन-चारदा असे घडले की कोणता शहाणा व्यापारी त्या पेढीची पायरी चढेल? कुत्राही चढत नाही. त्याला आपण हट्टी म्हणतो. वस्तुतः तो आपला हिशेब चोख ठेवीत असतो.

शास्त्रही हेच सांगते. पचनक्रियेवरील संशोधनासाठी १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळविणारे रशियन शरीरशास्त्रज्ञ इव्हान पावलोव यांच्या प्रयोगशाळेत कुत्री होती. अन्न आणणाऱ्या सेवकाची नुसती चाहूल लागताच त्यांच्या तोंडाला पाणी सुटे. पुढे अन्नापूर्वी एखादा ठरावीक ध्वनी ऐकविला, तर केवळ त्या ध्वनीनेही तसेच होऊ लागले. परंतु ध्वनी वारंवार वाजवून अन्न दिलेच नाही, तर तो परिणाम हळूहळू मावळून गेला. ‘ये’ या शब्दात उपजत काही सामर्थ्य नसते. ते आपणच भरावे लागते, आणि भरले नाही तर ते ओसरते.

आता प्रत्यक्ष रीत पाहू.

प्रथम घरातील सर्वांनी मिळून एकच शब्द ठरवावा. आपल्या घरांत आजी गुजरातीत किंवा मारवाडीत बोलतात, आई-वडील मराठीत, मुले इंग्रजीत. माणसांना यात काही अडचण वाटत नाही. कुत्र्याला मात्र ‘आव’, ‘ये’ आणि ‘कम’ हे तीन वेगळे ध्वनी वाटतात. त्याचे नाव हाही बोलावण्याचा शब्द नव्हे, कारण नाव तर दिवसभर शंभर कारणांनी उच्चारले जाते. ज्या शब्दाने पूर्वी दटावले असेल, त्याची पत गेलेली असते. तो सोडून नवा, कोरा शब्द घ्यावा.

नंतर घरातील शांत खोलीत, दोन पावलांच्या अंतरावरून, प्रसन्न स्वरात तो शब्द एकदाच उच्चारावा आणि कुत्रा जवळ येताच खाऊ द्यावा. हुंडी येथे दर्शनी हवी, मुदती चालत नाही. आल्यावर डबा शोधायला स्वयंपाकघरात गेलो, तर मिळालेला खाऊ येण्याबद्दलचा होता हे त्याला कळत नाही. एक-दोन क्षणांत मोबदला पोचला पाहिजे. देताना दुसरा हात हलकेच गळपट्ट्याला लावावा, म्हणजे हात पुढे झाला की अंग चोरण्याची सवय लागत नाही. एका वेळी आठ-दहा हाका, तीन-चार मिनिटांत खेळ समाप्त. दिवसातून दोन वेळा एवढे पुरे.

खोलीत शब्द पक्का झाला की दुसऱ्या खोलीतून हाक मारावी, मग गच्चीवर, मग इमारतीच्या आवारात. मोकळ्या मैदानात जाताना हार्नेसला दहा मीटरची लांब दोरी बांधावी. दोरी ओढून आणण्यासाठी नसते. तो पळून जाऊ नये एवढ्यासाठीच असते. अंतर वाढविले तर आसपासची गडबड कमी असावी. गडबड वाढली तर अंतर कमी करावे. दोन्ही एकदम वाढविणे म्हणजे नव्या गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी मोठी उधारी देण्यासारखे आहे.

हाक मारूनही तो आला नाही, तर तीच हाक दहादा मारू नये. शब्द स्वस्त होतो. त्याच्या मागेही धावू नये, कारण पाठलाग हा त्याच्या लेखी खेळ असतो, किंवा भीती. उलट आपण दोन पावले मागे सरकावे, खाली बसावे, टाळी वाजवावी. आपण दूर जाऊ लागलो की तोच मागे येतो. उशिरा आला तरी खाऊ द्यावाच. त्या वेळी रागावलो, तर त्याच्या ध्यानी राहते ते आपले रागावणे आणि त्याचे येणे. त्याआधीचा उशीर नव्हे.

आलेल्या कुत्र्याला बहुतेक वेळा पुन्हा खेळायला सोडावे. ही गोष्ट फार थोडे लोक करतात. बागेत एकदाच हाक मारायची आणि लगेच घरी न्यायचे असा क्रम ठेवला, तर हाक म्हणजे आनंदाचा शेवट असे समीकरण होते. गिऱ्हाईक दुकानात आले म्हणून आपण शटर ओढून घेत नाही. आंघोळ, औषध, नखे कापणे अशा नावडत्या कामांसाठी तर हाक मारूच नये. आपण उठून त्याच्याजवळ जावे.

खाऊ कोणता द्यावा, हा आपल्या घरांतला नेहमीचा प्रश्न. या कामासाठी सामिष काहीही लागत नाही. हरभऱ्याच्या दाण्याएवढे पनीरचे तुकडे, बिया काढलेले सफरचंद, बिनमिठाचे भाजलेले दोन-चार शेंगदाणे एवढ्यावर उत्तम काम होते. बाजारातील तयार खाऊ घ्यायचा झाला, तर पाकिटावरील घटक वाचून घ्यावेत. दिवसाच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्यापलीकडे खाऊ जाऊ नये, आणि रोजचा शाकाहार संतुलित राहावा म्हणून पशुवैद्याचा सल्ला अवश्य घ्यावा. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या रक्ताला अपायकारक; आपल्या बहुतेक स्वयंपाकघरांत ते नसल्याने तेवढी चिंता कमी. परंतु नाशिककरांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावीच. द्राक्षे, बेदाणे आणि मनुका कुत्र्याला कधीही देऊ नयेत. थोड्याशा प्रमाणातही त्याची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. हंगामात आपल्याकडे द्राक्षांच्या पेट्या घरोघर येतात आणि मुले प्रेमाने एखादा मणी त्याच्यापुढे टाकतात. तेच चॉकलेटचे.

मोबदला नेहमी खाण्याचाच असावा असेही नाही. १९९३ च्या बॉम्बस्फोटांच्या काळात मुंबई पोलिसांच्या ‘झंजीर’ या लॅब्राडोर कुत्र्याने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून असंख्य जीव वाचविले. अशा कामासाठी तयार केल्या जाणाऱ्या कुत्र्यांचे बक्षीस अनेकदा एक साधा चेंडू आणि शिक्षकाबरोबरचा घटकाभर खेळ एवढेच असते. आपल्या कुत्र्याला काय प्रिय आहे, हे ओळखणे आपले काम.

आता थोडे आपल्या आचाराविषयी. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. प्रतिक्रमणात आपण ते आठवतो, पण ते बैलगाडीच्या काळातले आहेत अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात कुत्र्याला शिकविताना होणाऱ्या चुका याच पाच आहेत. दिवसभर बांधून ठेवणे हा बंध. असा कुत्रा सुटला की परत कशाला येईल? वध म्हणजे येथे जीव घेणे नव्हे, मारहाण. काठी आणि विजेचा झटका देणारा पट्टा दोन्ही त्यातच येतात. शोभेसाठी कान-शेपूट कापणे हा छेद. ज्या अवयवांनी तो मन व्यक्त करतो, तेच आपण हिरावतो. लहान पिलाला तासभर राबविणे हे अतिभारारोपण. आणि भूक वाढली की ऐकेल म्हणून उपाशी ठेवणे हा अन्नपाननिरोध. त्याऐवजी नेहमीच्या जेवणाआधी दहा मिनिटे शिकवणी घ्यावी. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वीची वेळ यासाठी सोयीची आहे. तेव्हा घरची माणसेही एकत्र असतात आणि कुत्र्यालाही स्वाभाविक भूक असते.

देशाचा कायदाही याच वाटेने जातो. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ मध्ये मारहाण, अतिभार, आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधणे, अवयव तोडणे आणि पुरेसे अन्न-पाणी न देणे हे सारे गुन्हे म्हणून नोंदले आहेत. नेहमी बांधून वा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला वाजवी फिरणे न देणे, हासुद्धा त्यात गुन्हाच आहे.

एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. हाक कितीही पक्की झाली, तरी तिच्या भरवशावर रहदारीच्या रस्त्यावर कुत्रा मोकळा सोडू नये. मुंबई-आग्रा महामार्गावरच्या मालमोटारींना आपली हाक ऐकू येत नाही. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने भेदरलेल्या कुत्र्याला तर काहीच उमजत नाही. त्या दिवसांत अंधारापूर्वी फिरवून आणावे, दारे-खिडक्या लावून त्याला आतल्या खोलीत ठेवावे, आणि गळपट्ट्याला दूरध्वनी क्रमांकाचा बिल्ला असावा. सहा महिने ते दीड वर्ष या वयात चांगला शिकलेला कुत्राही काही काळ कानाडोळा करतो. तेव्हा निराश न होता पुन्हा लहान अंतरापासून आरंभ करावा.

शेरूचा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हाच बांनी काम सुरू केले. त्याला चालायचे नव्हते आणि बांच्या गुडघ्यांनाही फार चालणे नको होते. दोघे एकाच खोलीत. बांचा ‘आव’ हा शब्द त्या घरात कुत्र्यावर रागावण्यासाठी कोणी वापरलेला नव्हता, म्हणून तोच सर्वांनी घेतला. बा खाटेवर बसून हळूच ‘आव’ म्हणायच्या. तो मान पुढे करायचा. पनीरचा तुकडा मिळायचा. प्लास्टर निघाल्यावर एक पाऊल, मग चार, मग ओसरी. शेठजींनी साखळी खुंटीवरून काढून कपाटात ठेवली आणि नातवाने ‘कम’ सोडून ‘आव’ म्हणायला सुरुवात केली.

ज्ञानपंचमीच्या दिवशी आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. पाहुण्यांची ये-जा चालू होती आणि कोणाकडून तरी फाटक उघडे राहिले. शेरू किंचित लंगडत फाटकापाशी गेला. समोर रस्ता वाहत होता. शेठजी झटकन उठले, पण बांनी हाताने त्यांना थांबविले आणि ओसरीवरूनच, नेहमीच्याच आवाजात, एकदा म्हटले, “आव.”

शेरूने वळून पाहिले. मग रस्त्याकडे पाहिले. मग तो परत आला आणि बांच्या पायाशी बसला.

शेठजींनी आधी जाऊन फाटक लावले. मग स्वयंपाकघरातून पनीरची वाटी आणून ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले.