लिव्हरपूलची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. पण ती पायरी सातासमुद्रापलीकडे असेल तर?

प्रश्न काल्पनिक नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या रुईला लिव्हरपुलात मोठी मागणी आली. अमरावतीच्या नावावरूनच त्या रुईला तेथे ‘ऊमरा’ म्हणत. आजही परदेशी रुई-व्यवहारातील कितीतरी तंटे लिव्हरपूलच्या इंटरनॅशनल कॉटन असोसिएशनच्या नियमांप्रमाणे लवादाकडे जातात. मार्च २०११ मध्ये भाव पौंडाला दोन डॉलरांच्या वर चढले आणि मग कोसळले. देशोदेशी सौदे मोडले, लवादाकडे तक्रारींची रीघ लागली. निवाडा न पाळणाऱ्याचे नाव यादीत जाते. त्याच्याशी व्यापार करण्यास सभासदांना मनाई असते.

लवाद वाईट, असे माझे म्हणणे नाही. परंतु लवाद विचारतो, चूक कोणाची? मध्यस्थ विचारतो, पुढच्या हंगामात तुम्हांला एकमेकांची गरज आहे ना? गाठी उशिरा पाठवू, थोडी सूट देऊ, नुकसान पुढच्या सौद्यात भरून काढू, असे मार्ग निवाड्यात सहसा सापडत नाहीत. अकोल्याच्या जिनिंगवाल्याला मात्र तेच तारतात.

कोणी म्हणेल, तडजोड पाळलीच नाही तर? ही उणीव खरी होती. म्हणूनच ७ ऑगस्ट २०१९ रोजी सिंगापूर येथे भारतासह ४६ देशांनी एका करारावर सह्या केल्या. मध्यस्थीतून झालेला व्यापारी समेट परदेशातही अमलात आणता यावा, हा त्याचा हेतू. अर्थात नुसत्या सहीने भागत नाही. अनुसमर्थन केल्यावरच करार देशाला बांधतो. २०२३ मध्ये आपल्याकडे मध्यस्थीचा कायदाही झाला.

दुसरी शंका मला अधिक बोचते. समेट म्हटला की ‘तूच समजून घे’ असे नेहमी दुबळ्यालाच सांगितले जाते. बडा परदेशी खरेदीदार आणि लहान जिनिंगवाला यांच्यात असेच झाले, तर ती मध्यस्थी नव्हे, दडपण होय. तेव्हा बैठकीतून उठून जाण्याची मोकळीक आणि सोबत स्वतःचा सल्लागार, या दोन गोष्टी हव्यातच.

मित्रहो, कला शाखेचा उपयोग काय, असे आपल्याला नेहमी विचारतात. दुसऱ्याची भाषा, त्याचा अभिमान, त्याचे मौन ओळखणे हे मध्यस्थाचे भांडवल. आपण शिकतो ते हेच. वादविवाद स्पर्धा आपण भरवतोच. एखादी ऐकण्याची स्पर्धाही भरवून पाहू या!