व्रण भरला, पुढे काय?



काही वर्षांपूर्वी आमच्या नगर येथील चिकित्सालयात चाळिशीच्या एक भगिनी आल्या होत्या. स्तनाच्या कर्करोगामुळे त्यांचा डावा स्तन काढावा लागला होता. केमोथेरपी व किरणोपचार पूर्ण होऊन सात-आठ महिने झाले होते. व्रण उत्तम भरला होता. तक्रार होती अग्निमांद्याची व अनिद्रेची. यजमान औषधे घेण्यासाठी बाहेर गेले, तेव्हा पदर सावरीत त्यांनी हळूच विचारले, "डॉक्टर, पोटाचं मांस घेऊन छाती परत करता येते म्हणतात. खरं का हो?" आम्ही म्हणालो, "अहो, जीव वाचला हे काय थोडं झालं? मुलं मार्गी लागायची आहेत. आता ह्या वयात ते कशाला?" "बरोबर आहे," एवढेच त्या म्हणाल्या. तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही तो विसरून गेलो.

आमचे ते उत्तर चुकीचे होते. चिकित्सक म्हणून चुकीचे होतेच, परंतु सुश्रुताचे नाव घेणाऱ्या वैद्याच्या तोंडी तर ते मुळीच शोभणारे नव्हते. त्या चुकीतून जे शिकावयास मिळाले ते आपणांसमोर ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

सुश्रुताचार्यांनी सूत्रस्थानाच्या सतराव्या अध्यायात व्रणाचे सात उपक्रम सांगितले आहेत. विम्लापन, अवसेचन, उपनाह, पाटन, शोधन, रोपण आणि सातवा वैकृतापह. परीक्षेसाठी ही नावे आपण सर्वांनीच पाठ केली. व्यवहारात मात्र आपली चिकित्सा सहाव्या पायरीवर, रोपणावर, थांबते. आचार्यांची तेथे थांबत नाही. व्रण भरल्यानंतर जी विकृती मागे राहते ती दूर करणे हेही चिकित्सेचेच अंग आहे, असा त्यांचा आग्रह आहे. चिकित्सास्थानात साठ उपक्रमांची गणना करताना व्रणवस्तूला पूर्वीचा वर्ण यावा म्हणून कृष्णकर्म व पांडुकर्म, केस पुन्हा यावेत म्हणून रोमसंजनन, इतक्या बारकाईने त्यांनी विचार केला आहे. केस गेल्याने कोणी मरत नाही. तरीही आचार्यांना ते चिकित्सेचे काम वाटले. सोळाव्या अध्यायात तुटलेली कर्णपाली जोडण्याचे पंधरा प्रकार व गालाच्या त्वचेपासून नासिका घडविण्याचा विधी आहे. नाक नसले तरी श्वास चालतो. पण मनुष्याला चारचौघांत ताठ मानेने वावरावयाचे असते, हे आचार्य जाणत होते.

ही विद्या महाराष्ट्राच्या मातीत जिवंत होती याचा पुरावा जगाला ठाऊक आहे. इंग्रजांच्या सैन्यात बैलगाडी हाकणारा कावसजी टिपूच्या हाती सापडला व त्याचे नाक कापले गेले. पुढे पुण्याजवळ कुंभारकाम करणाऱ्या समाजातील एका कुशल माणसाने कपाळाची त्वचा वळवून त्याला नवे नाक करून दिले. हे वृत्त ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ मध्ये तशीच शस्त्रक्रिया इंग्लंडमध्ये केली, आणि आधुनिक पुनर्रचना-शल्यशास्त्राला चालना मिळाली. ज्या परंपरेने जगाला अंग पुन्हा घडविण्याचा धडा दिला, तिचे वारस आम्ही, "ते कशाला?" असे विचारून मोकळे झालो.

आता त्या शस्त्रक्रियेविषयी थोडे. स्तनाची पुनर्रचना मुख्यत्वे दोन प्रकारे करतात. सिलिकोनचे कृत्रिम रोपण बसविणे हा एक प्रकार. त्यासाठी कित्येकदा आधी त्वचेखाली फुगा ठेवून ती हळूहळू ताणावी लागते. रुग्णेच्या पोटाची त्वचा व मेद, अथवा पाठीचा स्नायू, घेऊन स्तन घडविणे हा दुसरा. स्तन काढतानाच हे करता येते, किंवा काही महिन्यांनी, वर्षांनीही करता येते. किरणोपचार झालेल्या जागी कृत्रिम रोपणाभोवतीचे आवरण आवळून येण्याचा धोका वाढतो. अशा वेळी स्वतःच्या ऊतींचा मार्ग पुष्कळदा श्रेयस्कर ठरतो. पुनर्रचनेमुळे कर्करोग उलटण्याचा धोका वाढतो असे आढळलेले नाही, ही गोष्ट आपल्या भागात आवर्जून सांगण्याची गरज आहे.

मात्र ही सोपी वाट नव्हे. व्रणातील स्राव बाहेर नेणाऱ्या नळ्या कित्येक दिवस अंगाला असतात. पोटाची त्वचा घेतली असल्यास सुरुवातीचे दिवस वाकून चालावे लागते. काही आठवडे जड उचलता येत नाही, म्हणजे हंडा नाही, गॅसची टाकी नाही, कडेवर मूल नाही. खांदा आखडू नये म्हणून सांगितलेले व्यायाम नेमाने करावे लागतात. स्तनाग्र करावयाचे झाल्यास ते पुढच्या टप्प्यावर. आणि एवढे करूनही नव्या स्तनाला पूर्वीची संवेदना बहुधा येत नाही.

शल्यचिकित्सक हे सारे सांगतात. परंतु रुग्णेच्या मनातले प्रश्न निराळे असतात. अंघोळीच्या वेळी आरशात पाहण्याचे धैर्य केव्हा येते? यजमानांना कसे सांगावे? हा नवा भाग आपला वाटतो का? या प्रश्नांची उत्तरे ना शल्यविशारदाजवळ असतात, ना आमच्याजवळ. ज्या स्त्रीने ते स्वतः भोगले तिच्याचजवळ ती असतात.

आमच्या त्या रुग्णा चार वर्षांनी पुन्हा आल्या. मधल्या काळात पुण्यात त्यांची पुनर्रचना झाली होती. आम्ही आश्चर्याने विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की पुण्याच्या रुग्णालयात तपासणीसाठी बाकावर बसल्या असता शेजारच्या एका बाईंशी ओळख झाली. त्यांची ही शस्त्रक्रिया दोन वर्षांपूर्वी झाली होती. त्यांनी आमच्या रुग्णेला प्रसाधनगृहात नेले, झंपर उघडून दाखविला आणि म्हणाल्या, "हात लावून बघ, भिऊ नको." शस्त्रक्रियेनंतर त्याच बाई रोज फोन करीत. नळीच्या बाटल्या ठेवायला गळ्यात अडकवायची कापडी पिशवी शिव. गुडघ्याखाली उशी घे, पोट ताणणार नाही. एसटीने परत जाताना पोटाशी उशी धर, खड्ड्यांत दणका बसत नाही. "पहिले सहा महिने ते परकं वाटतं, मग एक दिवस लक्षातच राहत नाही." हे सारे सांगून आमच्या रुग्णा शांतपणे म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही तेव्हा नुसतं 'चौकशी करू' म्हणाला असतात, तरी माझी चार वर्षं वाचली असती." आमच्याजवळ उत्तर नव्हते.

चरकाचार्यांनी रोग वाढविणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. चिकित्सेच्या चतुष्पादांत उपस्थाता हा एक पाद असून उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे त्याचे गुण होत. ज्या स्त्रीने तीच शस्त्रक्रिया सोसली तिच्या ठिकाणी अनुराग व उपचारज्ञता अनुभवाने आलेली असतात. अशा समदुःखी सखीला उपस्थात्याचे स्थान द्यावे, असे आमचे मत आहे.

हा विचार जगाला नवा नाही. न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर यांनी स्वतःचा स्तन गमावल्यानंतर १९५२ मध्ये इतर रुग्णांना रुग्णालयात जाऊन भेटण्यास प्रारंभ केला. आरंभी डॉक्टरांनी विरोध केला. पुढे त्याच कार्याला अमेरिकन कॅन्सर सोसायटीने आपले म्हटले आणि ते अनेक देशांत पोहोचले. मुंबईत स्वतः कर्करोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ मध्ये 'व्ही केअर' ही संस्था सुरू केली.

आपल्या जिल्ह्याला तर हे शिकण्यासाठी दूर जावयास नको. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प उभारला. गावातील, पुष्कळदा निरक्षर व दलित समाजातील स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या केले. पदवीधर डॉक्टरांचे जे शब्द कानावरून जात, तेच शब्द शेजारणीच्या तोंडून आले की बाळंतिणीला पटत. या दांपत्याला १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाईचे ऐकायला बाई लागते, हे जामखेडने पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध केले. २०२४ मध्ये आपल्या जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले. एका कर्तबगार स्त्रीचे नाव मिरविणाऱ्या जिल्ह्यात स्तनाचा कर्करोग झालेल्या स्त्रीला बोलावयास दुसरी स्त्री मिळू नये, हे योग्य नव्हे.

यावर काही वैद्यबंधू शंका घेतील. एक रुग्णा दुसरीला घाबरवील, आपले औषध तिच्या गळ्यात मारील, गुपित गावभर होईल, अशा या शंका आहेत. त्या रास्त आहेत. म्हणूनच मर्यादा हव्यात. सखीने स्वतःचा अनुभव सांगावा, उपचार सांगू नये. ताप, लाली, दुर्गंधी, वाढती सूज वा नव्या स्तनाचा बदललेला रंग दिसल्यास त्याच दिवशी शल्यचिकित्सकाकडे जाण्यास सांगावे. दोघींची लेखी संमती असल्याखेरीज नाव व दूरध्वनी क्रमांक देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, पुनर्रचनेचा प्रचार करू नये. अनेक भगिनींना दुसरी शस्त्रक्रिया नकोच असते. त्या सपाट छातीने समाधानात राहतात, किंवा ब्लाऊजमध्ये ठेवावयाचा कृत्रिम स्तन वापरतात. सुती धाग्यात हाताने विणलेले हलके स्तनही आता मिळतात. असा निर्णय घेतलेली सखीही आपल्या यादीत असलीच पाहिजे. निवड रुग्णेची. आमची चूक हीच होती, की तिच्या वतीने ती आम्ही केली.

आपल्या स्वतःच्या उपचारांनाही मर्यादा घालून घ्यावयास हव्यात. नव्या स्तनाच्या त्वचेला संवेदना नसते. घरच्या शेक-शेगडीने किंवा आपल्या पोटलीस्वेदाने ती भाजते आणि रुग्णेला कळतही नाही. म्हणून त्या जागी स्वेदन नको. काखेतील ग्रंथी काढलेल्या बाजूच्या हाताला सूज आल्यास जोरकस अभ्यंग करू नये. तज्ज्ञ भौतिकोपचारकाकडे पाठवावे. त्या हातावर जळवा वा सिरावेध नको. संप्रेरक-अवलंबी कर्करोगात शतावरीसारखी द्रव्ये कर्करोगतज्ज्ञांना विचारल्यावाचून देऊ नयेत. टॅमॉक्सिफेन चालू असता हळदीच्या तीव्र अर्काच्या गोळ्या देऊ नयेत. त्यामुळे त्या औषधाच्या कार्यकारी अंशाची रक्तातील पातळी घटल्याचे आढळले आहे. शस्त्रक्रियेपूर्वी चालू असलेली सर्व औषधे रुग्णेने शल्यचिकित्सकाला सांगावीत. आणि मिश्रीची चौकशी अवश्य करावी. आपल्याकडे कित्येक भगिनी तिला तंबाखू समजतच नाहीत, परंतु तिच्यातील निकोटिनमुळे नव्या त्वचेचा रक्तपुरवठा धोक्यात येतो. अग्निदीपन, निद्रा, मलशुद्धी, पथ्याहार व आश्वासन या क्षेत्रात मात्र आपण पुष्कळ करू शकतो.

औषधालयचालक मित्रांना एक नम्र विनंती. स्तन घडविणाऱ्या तेलांच्या व कर्करोग बरा करणाऱ्या चूर्णांच्या जाहिराती दुकानात लावू नका. १९५४ च्या औषधी व जादुई उपचार आक्षेपार्ह जाहिरात कायद्याच्या परिशिष्टात कर्करोग व स्त्रीच्या स्तनांचा आकार या दोन्ही बाबी समाविष्ट आहेत. त्याऐवजी कृत्रिम स्तन कोठे मिळतो याची माहिती ठेवा, आणि ती विचारणाऱ्या भगिनीला बाजूला नेऊन, शक्यतो स्त्री कर्मचाऱ्यामार्फत, द्या. गल्ल्यावरच्या गर्दीत हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

संघटनेने जिल्ह्यातील संमती देणाऱ्या भगिनींची एक गोपनीय नोंदवही ठेवावी. तिचे काम स्त्री वैद्यांकडे असावे. महिन्यातून एका दुपारी एखाद्या चिकित्सालयातील एक खोली, पुरुषांना प्रवेश न देता, त्यांच्या भेटीसाठी मोकळी ठेवावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून कोणत्या शस्त्रक्रियेला साहाय्य मिळते, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घेण्यास रुग्णेस मदत करावी. यासाठी मोठा निधी लागत नाही. चार खुर्च्या, चहा आणि बंद होणारे दार एवढे पुरे.

आमच्या चिकित्सालयात गेल्या वर्षापासून अशी एक दुपार सुरू आहे. आम्ही त्या वेळी बाहेर औषधांच्या काउंटरवर बसतो. पहिल्या दिवशी आत बसावयास कोणाला बोलवावे, हा प्रश्न आम्हांस पडला नाही. ज्यांना आम्ही "ते कशाला?" असे विचारले होते, त्याच भगिनींना आम्ही फोन केला. त्या आल्या. येताना त्यांनी नळीच्या बाटल्यांसाठी स्वतः शिवलेल्या सहा कापडी पिशव्या आणल्या होत्या.